गोळी घरपोच, मोजमाप स्थगित: महासाथीच्या काळातील उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक प्रकरण अभ्यास

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या चार जिल्ह्यांतील सरकारी दवाखान्यांत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची नावानिशी नोंद ठेवण्याचे आणि प्रत्येकाला ठरलेल्या पद्धतीने औषध देण्याचे काम बऱ्यापैकी रुळलेले होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम या नावाने नोव्हेंबर 2017 मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे एकत्र आली होती. नोंदवहीत नाव असलेल्या माणसाला महासाथीच्या काळात औषध मिळत राहिले का, आणि ज्याचे नाव नोंदवहीत अजून चढलेच नव्हते त्याचे काय झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बरेच समाधानकारक आहे आणि ते जगभर सांगितले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर तसे नाही, आणि पहिल्याच्या कौतुकात ते झाकले गेले, असे माझे मत आहे. हा अभ्यास मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

टाळेबंदीपूर्वीची घडी

उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, काम अडत नाही. त्यामुळे तो मोजल्याशिवाय कळत नाही आणि कळला तरी गोळी रोज घेण्याची निकड वाटत नाही. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील भारतीयांपैकी 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब होता. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे हे त्याचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसतात, म्हणून आज मोजलेला रक्तदाब आणि आज सुरू झालेली गोळी हाच त्या परिणामांचा प्रतिबंध असतो.

उपक्रमाने या प्रतिबंधाची अगदी साधी मांडणी केली होती. प्रत्येक राज्याने एकच उपचारपद्धती ठरवायची, आणि डॉक्टर बदलला तरी ती बदलायची नाही. सुरुवात सहसा ॲम्लोडिपिनने करायची. रक्तदाब 140/90 च्या खाली आला नाही, तर ठरलेल्या पायरीनुसार मात्रा वाढवायची किंवा टेल्मिसार्टन आणि त्यानंतर क्लोरथॅलिडोन जोडायचे. औषधे मोजकी असल्यामुळे नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून किती गोळ्या लागतील याचा हिशेब मांडता येत असे, आणि मागच्या वर्षीच्या खपावर अंदाज बांधून मागणी करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हा हिशेब कितीतरी भरवशाचा होता. बहुतेक रुग्णांच्या औषधांचा वर्षभराचा खर्च सुमारे 200 रुपयांच्या घरात राहत असे. महाराष्ट्रात नोंदीसाठी ‘सिंपल’ हे मोबाइल ॲप वापरले जात होते. रुग्णाजवळ क्यूआर कोड असलेले बीपी पासपोर्ट नावाचे कार्ड असायचे. परिचारिकेने ते स्कॅन केले की मागचे मोजमाप आणि चालू गोळी समोर येई, आणि जो रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही त्याचे नाव फोन करण्याच्या यादीत दिसे.

त्याच सुमारास आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर चालू होते आणि 30 वर्षांवरील प्रत्येकाची घरोघरी जोखीम तपासणी करायची होती. आशाताईंनी घरी जाऊन वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांची माहिती फॉर्ममध्ये भरायची आणि मग त्या व्यक्तीला रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी उपकेंद्रात बोलवायचे, अशी ती रचना होती. उपचाराची नोंदवही आणि शोधाची ही मोहीम मिळून प्रतिबंधाचे चक्र पूर्ण होत होते. महासाथीने या चक्राचा एक भाग वाचवला आणि दुसरा थांबवला.

मार्च ते ऑगस्ट 2020

टाळेबंदीने सर्वांत आधी रस्ता बंद केला. एसटीच्या गाड्या थांबल्या, आणि जावळी किंवा पाटण तालुक्यातील डोंगराळ वाडीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत महिन्याला एकदा येणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाला दुसरे साधन उरले नाही. जे येऊ शकत होते त्यांना दवाखान्याचीच भीती वाटू लागली, कारण बाह्यरुग्ण विभागाच्या दारात आता ताप-खोकल्याचे रुग्ण वेगळे काढण्याचे काम चालू होते. आरोग्य सेविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि जिल्ह्याच्या असंसर्गजन्य रोग कक्षातील माणसे विलगीकरण केंद्रे, संपर्कशोध आणि नाक्यांवरच्या तपासणीकडे वळवली गेली.

हे केवळ या चार जिल्ह्यांत घडले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्ये 155 देशांची पाहणी केली. त्यात 53 टक्के देशांत उच्च रक्तदाबाच्या, 49 टक्के देशांत मधुमेहाच्या आणि 42 टक्के देशांत कर्करोगाच्या उपचारसेवा अंशतः किंवा पूर्णतः विस्कळीत झाल्याचे दिसले. हृदयविकाराच्या तातडीच्या सेवाही 31 टक्के देशांत अडल्या होत्या. 94 टक्के देशांत असंसर्गजन्य आजारांवर काम करणारे मंत्रालयांचे कर्मचारी पूर्णपणे किंवा काही प्रमाणात कोविडच्या कामाला लावले गेले होते. या पाहणीतील एक आकडा मला विशेष महत्त्वाचा वाटतो: औषधांचा तुटवडा हे कारण केवळ 20 टक्के देशांनी दिले होते. सेवा खंडित होण्यामागे रद्द झालेल्या भेटी, बंद वाहतूक आणि वळवलेली माणसे ही कारणे मोठी होती. साठ्यात गोळ्या असूनही त्या माणसापर्यंत पोहोचत नव्हत्या, हीच अडचण अनेक ठिकाणी होती.

त्यात एका शास्त्रीय शंकेची भर पडली. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरील एसीई-2 नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो आणि टेल्मिसार्टनच्या गटातील औषधांमुळे या प्रथिनाचे प्रमाण वाढत असावे, म्हणून ही औषधे धोकादायक ठरू शकतील, अशी शक्यता मार्च 2020 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील पत्राने मांडली. युरोपातील आणि अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी त्याच महिन्यात औषधे चालू ठेवण्याचे स्पष्ट आवाहन केले. ब्राझीलमधील 659 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष सप्टेंबर 2020 मध्ये समोर आले आणि औषध थांबवण्यात काही फायदा नसल्याचे दिसले. मात्र शंका व्हॉट्सॲपवरून ज्या वेगाने पोहोचते त्या वेगाने खुलासा पोहोचत नाही. ज्या कार्यक्रमाच्या उपचारपद्धतीत टेल्मिसार्टन ही एक नेहमीची पायरी होती, तिथे ‘गोळी सोडू नका’ हे वाक्य आशाताईंच्या तोंडून पुन्हा पुन्हा सांगितले जाणे ही खरी गरज होती.

14 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्ञात रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे उपकेंद्रातून किंवा आशांमार्फत द्यावीत, असे त्यांत म्हटले होते. उपक्रमाच्या पाचही राज्यांत हेच धोरण कमीअधिक फरकाने राबवले गेले: एका वेळी 30 ऐवजी 60 किंवा अधिक दिवसांच्या गोळ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी गावच्या उपकेंद्रात वाटप, आणि जे चालू शकत नाहीत किंवा प्रतिबंधित क्षेत्रात अडकले आहेत त्यांना घरपोच औषध. हे शक्य झाले याचे कारण 2018 पासूनच्या नोंदवहीत आहे. कोणत्या गावात कोण राहतो, त्याला कोणती गोळी किती मात्रेत चालू आहे आणि त्याचा फोन क्रमांक काय, हे आधीच लिहिलेले होते. त्यामुळे आरोग्य सेविकेला गावनिहाय पाकिटे बांधता येत होती. जिथे अशी यादी नव्हती, तिथे घरपोच औषध द्यावे असा आदेश निघाला तरी कोणाच्या घरी जायचे हा प्रश्न शिल्लक राहत होता. संकटातले काम संकटापूर्वीच्या कागदावर उभे राहते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

नोंदवहीत न मावलेली परिस्थिती

घरपोच औषधाने एक गुंता निर्माण झाला, आणि तो मला या प्रकरणाच्या गाभ्याशी वाटतो. उपक्रमाचे यश तिमाही पाहणीत मोजले जाई. नोंदलेल्या रुग्णांपैकी त्या तिमाहीतील शेवटच्या भेटीत ज्यांचा रक्तदाब 140/90 पेक्षा कमी होता ते नियंत्रित, ज्यांचा त्याहून जास्त होता ते अनियंत्रित, आणि जे आलेच नाहीत ते ‘भेट चुकलेले’. ही पद्धत साथ नसताना अतिशय प्रामाणिक होती, कारण न आलेल्या रुग्णाला हिशेबातून वगळून टक्केवारी फुगवण्याची सोय तिच्यात नव्हती. पण 2020 च्या उन्हाळ्यात एखाद्या बाईला उपकेंद्राच्या सिस्टरने दोन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या, तिने त्या नियमित घेतल्या, आणि यंत्र लावून तिचा रक्तदाब कोणी मोजला नाही, तर नोंदवहीच्या दृष्टीने तिची भेट चुकलेली होती. उलट जिने गोळ्या फडताळात ठेवून दिल्या तिचीही भेट चुकलेलीच होती. दोघींमधला फरक दाखवणारे एकच साधन होते, ते म्हणजे मोजमाप, आणि तेच थांबलेले होते.

मोजमाप थांबल्याचा दुसरा परिणाम उपचारावर झाला. रक्तदाबाचा उपचार पायऱ्यांचा आहे. वरची पायरी चढायची की नाही हे मागच्या महिन्याच्या आकड्यावरून ठरते. आकडाच नसेल तर जी गोळी मार्चमध्ये चालू होती तीच सप्टेंबरमध्येही चालू राहते. ज्याचा रक्तदाब मार्चमध्येच आटोक्यात होता त्याचे त्याने काही बिघडत नाही; मात्र ज्याला नुकताच उपचार सुरू झाला होता आणि ज्याची मात्रा वाढायची राहिली होती, तो सहा महिने अपुऱ्या औषधावर राहिला. औषध चालू आहे या समाधानात ही माणसे कोणाच्या लक्षात आली नसणार. दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सोय 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे आणि एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी ओपीडी या सरकारी ऑनलाइन बाह्यरुग्ण सेवेमुळे झाली होती, पण पलीकडच्या डॉक्टरला रक्तदाबाचा आकडा सांगायला घरात यंत्र लागते, आणि उपकेंद्रावर अवलंबून असलेल्या घरांत ते बहुधा नसते.

सिंधुदुर्गात याला आणखी एक पदर होता. मे 2020 मध्ये आणि पुन्हा 22 ऑगस्टच्या गणेश चतुर्थीच्या आधी मुंबईचे चाकरमानी मोठ्या संख्येने गावी आले. साताऱ्याच्या डोंगरी भागातही मुंबईत माथाडी किंवा इतर कामे करणारी माणसे परतली. यांच्यापैकी ज्यांना रक्तदाब होता त्यांची गोळी मुंबईतल्या खासगी डॉक्टरची, चिठ्ठी मुंबईच्या खोलीत, आणि नाव गावच्या नोंदवहीत नाही. विलगीकरणाच्या दिवसांत ताप आहे का एवढेच रोज विचारले जात होते. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास लागण्याची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला उठली, तोवर या माणसांना ना मुंबईचा डॉक्टर भेटत होता ना गावचे कार्ड मिळालेले होते. उपक्रमाची नोंद आरोग्य केंद्राशी बांधलेली असल्याने फिरत्या माणसाला ती धरू शकत नव्हती. ही उणीव महासाथीच्या आधीही होतीच. एरवी ती दरमहा थोड्या माणसांपुरती असे, या वेळी ती एकदम हजारोंच्या बाबतीत उघडी पडली.

विचारले, पण मोजले नाही

15 सप्टेंबर 2020 रोजी महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक यांचे पथक रोज सुमारे 50 घरांना भेट देई, प्रत्येकाचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजे, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचा आजार आहे का, असे विचारून सहव्याधींची नोंद करी. पहिली फेरी 10 ऑक्टोबरपर्यंत आणि दुसरी 14 ते 24 ऑक्टोबर अशी झाली. राज्यातील घर न घर गाठण्याचा हा प्रयत्न सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने फार मोठा होता, आणि ज्या आशाताईंनी तो मास्क लावून, स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी मनात ठेवून पार पाडला, त्यांचे श्रम कोणत्याही टीकेत विसरता कामा नयेत. पुढे जून 2021 मध्ये राज्यातील सुमारे 70 हजार आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, ही गोष्टही याच कामाशी जोडून वाचली पाहिजे, कारण घरपोच औषधापासून सर्वेक्षणापर्यंत सगळा भार त्यांच्यावर होता.

तरीही मोहिमेच्या रचनेत एक मोठी जागा रिकामी राहिली. सहव्याधी विचारली गेली, तपासली गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या काळातील अंदाजानुसार जगातील उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी 46 टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते. ज्याला माहीत नाही तो ‘तुम्हाला बीपी आहे का’ या प्रश्नाला खरेपणाने ‘नाही’ असेच उत्तर देणार. म्हणजे ज्या यादीवरून कोणाला जास्त धोका आहे हे ठरायचे होते, तिच्यात आधी निदान झालेलेच लोक आले. आणि निदान कोणाचे झालेले असते, तर ज्याला दवाखाना जवळचा आहे किंवा परवडतो त्याचे.

हाच दोष 1 मार्च 2021 पासूनच्या लसीकरणाच्या टप्प्यात अधिक ठळकपणे दिसला. 60 वर्षांवरील सर्वांना आणि 45 ते 59 वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, पण दुसऱ्या गटासाठी 20 ठरावीक आजारांच्या यादीतील एखादा आजार असल्याचे नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागत होते. केवळ उच्च रक्तदाब त्यासाठी पुरेसा नव्हता. दीर्घकाळचा किंवा गुंतागुंत झालेला मधुमेह आणि त्यासोबत उपचार चालू असलेला उच्च रक्तदाब, अशा प्रकारच्या जोड्या यादीत होत्या. 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्याने हा टप्पा एका महिन्यातच संपला, हे बरे झाले.

एप्रिल-मे 2021 मधील दुसऱ्या लाटेत न मोजलेल्या आजाराची किंमत मधुमेहाच्या बाजूने वसूल झाली. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवते, हे ब्रिटनमधील चाचणीने जून 2020 मध्ये दाखवले होते. पण स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते, आणि ज्याला मधुमेह असल्याचे कधी कळलेच नव्हते किंवा वर्षभर ज्याची साखर तपासली गेली नव्हती, त्याच्यासाठी हे औषध म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य संसर्गाची वाट मोकळी करून गेले. मे महिन्यात केंद्राने हा आजार अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना दिली, त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाइकांची वणवण झाली, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. स्टिरॉइडचा बेसुमार वापर हे त्याचे एक कारण होतेच. त्याच्या जोडीला साखरेच्या तपासणीत पडलेला वर्षभराचा खंडही धरला पाहिजे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

उपक्रमाचा विस्तार आणि शिल्लक काम

साथ ओसरल्यावर उपक्रमाचा विस्तार वेगाने झाला. जून 2022 पर्यंत 23 राज्यांतील 130 हून अधिक जिल्ह्यांत 34 लाखांवर रुग्ण उपचाराखाली नोंदले गेले, नोंदलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात असल्याचे सांगण्यात आले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क येथे उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. सिंपल ॲप बांगलादेश आणि इथिओपियातही वापरात आले. मे 2023 मध्ये केंद्राने उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना 2025 पर्यंत प्रमाणित उपचाराखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. हा गौरव योग्य आहे. सरकारी उपकेंद्रातून, स्वस्त आणि मोजक्या गोळ्यांनी, डॉक्टरपेक्षा परिचारिकेच्या आणि आशाताईंच्या बळावर दीर्घकाळचा आजार सांभाळता येतो, हे महासाथीसारख्या कसोटीतही दिसून आले.

पण त्या कसोटीत जे गमावले ते याच आकड्यांतून दिसू शकत नाही. 2020 च्या एप्रिलपासून ज्या चाळिशीच्या माणसाची पहिली तपासणी व्हायची होती आणि झाली नाही, तो कोणत्याही टक्केवारीच्या छेदात नाही. त्याचा पक्षाघात 2027 किंवा 2030 मध्ये येईल, तेव्हा त्याचा संबंध कोणी टाळेबंदीशी जोडणार नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात देशात मधुमेहाचे 10.1 कोटी रुग्ण आणि 13.6 कोटी मधुमेहपूर्व स्थितीतील लोक आहेत असे आढळले. ही संख्या पाहता शोधमोहिमेचा एका वर्षाचा खंडही लहान नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये सर्वेक्षणाच्या पथकाने रक्तदाब मोजायला हवा होता, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. पहिली लाट त्याच महिन्यात शिखरावर होती, रक्तदाब नीट मोजायचा तर माणसाला पाच मिनिटे शांत बसवून दोनदा मोजावे लागते, एकच पट्टा घरोघरी दंडाला बांधण्यात संसर्गाचा धोका होता, आणि 50 घरांचे काम निम्म्यावर आले असते. माझा आक्षेप त्यानंतरच्या काळाविषयी आहे. नोव्हेंबर 2020 पासून फेब्रुवारी 2021 च्या सुरुवातीपर्यंत राज्यातील रुग्णसंख्या बरीच खाली होती, ‘माझे कुटुंब’ मोहिमेने बांधलेल्या घरांच्या याद्या ताज्या होत्या, आणि उपकेंद्राच्या ओसरीवर, मोकळ्या हवेत, वयाने 30 च्या वरच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचे काम वाडीवार लावता आले असते. त्याच वेळी घरपोच औषध घेतलेल्या पण मोजमाप न झालेल्या रुग्णांसाठी नोंदवहीत स्वतंत्र रकाना काढता आला असता, म्हणजे आधी कोणाला बोलवायचे हे सिस्टरला कळले असते. जिल्ह्यांच्या साथ-सज्जता आराखड्यांत खाटा, प्राणवायू आणि चाचण्यांचे हिशेब असतात. दोन लाटांमधल्या अशा अवधीत कोणते थांबलेले काम कोणत्या आठवड्यात, कोणाच्या जबाबदारीवर पुन्हा सुरू करायचे, याचे वेळापत्रकही त्यांत लिहिलेले असले पाहिजे, आणि त्या कामासाठी लागणारे कर्मचारी कोविडच्या कामातून नावानिशी मोकळे करण्याचा अधिकार तालुका आरोग्य अधिकाऱ्याला त्यातच दिलेला असला पाहिजे.